दोन मिलिलिटर रक्ताचं पोस्टर

दृश्य: धडगावचा आठवडे बाजार. तपासणीच्या तंबूला बांधलेलं पोस्टर. दोन बायका बोट लावून त्यातलं चित्र बघताहेत.

निवेदन:

धडगाव, मोलगी, अक्कलकुवा. नंदुरबार जिल्ह्याच्या या डोंगरपट्ट्यात भिल्ल आणि पावरा कुटुंबांमध्ये सिकलसेल, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणारा आजार, पिढ्यान् पिढ्या चालत आलाय. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून या आजाराच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. चाळिशीच्या आतल्या सात कोटी लोकांची तपासणी, आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असं तिचं उद्दिष्ट. पण तपासणी वेगळी आणि संशोधन वेगळं. कुठल्या रुग्णाला औषध किती मात्रेत लागू पडतं, कुणाला वेदनेचे झटके जास्त का येतात, हे शोधायचं तर लोकांनी आपणहून नमुना द्यायला हवा. इथे संशोधनाला पाठिंबा म्हणजे देणगी नाही. पाठिंबा म्हणजे बाही वर करणं. ती वर व्हावी यासाठी पोस्टर कसं करायचं, ते बघू.

अमेरिकेत १९३८ साली पोलिओसाठी स्थापन झालेल्या संस्थेनं कुबड्या घेतलेल्या मुलांची पोस्टरं लावली आणि लोकांकडून दहा-दहा सेंटची नाणी गोळा केली. शास्त्रज्ञ साल्क यांच्या पोलिओ लशीला त्यातूनच बळ मिळालं. तिच्या १९५४ च्या चाचणीत सुमारे १८ लाख मुलं सामील झाली. ती पद्धत सातपुड्यात तशीच उचलून चालत नाही. पाड्यावर सगळे सगळ्यांना ओळखतात. आजारी मुलाचा फोटो फ्लेक्सवर लागला की त्याच्या बहिणीची सोयरीक अडते. म्हणून फोटो नको, चित्र हवं. तेही विचार करून.

दृश्य: टेबलावर रक्त घ्यायची, जांभळ्या टोपणाची नळी. शेजारी पट्टी.

लोकांची पहिली शंका असते, रक्त किती घेणार? आणि ते नेऊन विकणार का? 'थोडंसं रक्त' असं छापून ती फिटत नाही. नळी खऱ्या मापात काढावी. टोपण सोडून उंची साडेसात सेंटिमीटर, रुंदी तेरा मिलिमीटर. दोन मिलिलिटर रक्त त्यात जेमतेम दोन-सव्वादोन सेंटिमीटर चढतं. रंग तेवढाच भरायचा, वरची नळी रिकामी ठेवायची. बघणारा आपलं बोट त्यावर ठेवून माप घेतो आणि निम्मी भीती तिथेच जाते.

घोळ होतो तो छापताना. दुकानदार तीच फाईल ताणून चार बाय तीन फुटांचा फ्लेक्स काढतो आणि नळीची बाटली होते. म्हणून खऱ्या मापाचं चित्र ए-थ्री कागदावर वेगळं ठेवावं. ऑर्डरवर लिहावं : शंभर टक्के मापात, 'फिट टू पेज' नको. छापून आल्यावर पट्टी लावून बघावी.

नळीच्या पुढचा प्रवासही दाखवायचा. थंड पेटी, प्रयोगशाळा, तिथून परत येणारा अहवाल, आणि तो कुणाच्या हातात पडणार ते. बाण एकाच दिशेनं जाणारा काढला, तर रक्त गेलं ते गेलंच, असा अर्थ निघतो.

आता सगळ्यात जास्त चुकणारं चित्र. आई वाहक, बाप वाहक (म्हणजे दोष अंगात आहे, पण स्वतः रुग्ण नाहीत), खाली चार मुलं : एक निरोगी, दोन वाहक, एक रुग्ण. पुस्तकात हे ठीक आहे. पोस्टरवर त्याचा अर्थ घरची माणसं सरळ लावतात, की एक मूल आजारी झालं, आता बाकीची तीन सुटली. खरं तर दर गरोदरपणात शक्यता नव्यानं तेवढीच असते. चारांत एक. त्यापेक्षा एकच पोट काढावं आणि शेजारी चार चिठ्ठ्यांचा गडवा. पुढच्या चौकटीत दुसरं पोट, आणि गडव्यात पुन्हा चारही चिठ्ठ्या. निरोगी, वाहक आणि रुग्ण यांच्या खुणा केवळ रंगानं वेगळ्या करू नयेत. रिकामं वर्तुळ, अर्धं भरलेलं, पूर्ण भरलेलं, असं केलं की झेरॉक्समध्येही कळतं.

कारण रंग टिकत नाहीत. जळगाव-धुळ्याच्या उन्हात किरमिजी आणि पिवळी शाई आधी उडते, निळी-काळी मागे राहते. लाल अक्षरातली महत्त्वाची ओळ उन्हाळा संपेपर्यंत पुसट झालेली असते. महत्त्वाचं ते काळ्यात, नुसत्या काळ्यात. चार शाया मिसळलेल्या काळ्यात बारीक अक्षराच्या कडा फाटतात.

पेशी विळ्यासारखी वाकते म्हणून विळ्याचं चित्र काढतात, ते तर टाळावंच. रक्तात पातं फिरतंय असं वाटतं. शिवाय विळा निवडणूक चिन्हांतही आहे, आचारसंहितेच्या दिवसांत नसती कटकट. वाकलेली पेशी बारीक रक्तवाहिनीत अडकलेली दाखवली की दुखतं का, ते कळतं. आणि आदिवासी म्हटलं की वारली चित्रं चिकटवायची सवय सोडावी. ती डहाणू-पालघरकडची. पावरा माणसाला त्यात आपलं घर दिसत नाही. तीच गत अहिराणी मजकुराची. साक्री-शिरपूरच्या गावांत तो चालेल, धडगावात पावरी किंवा भिली बोलणाऱ्या आशाताईकडूनच वाक्य तपासून घ्यावं.

अक्षराचं गणित सोपं आहे. दहा फुटांवरून वाचायचं तर एक इंच उंचीचं अक्षर. ओळींत अंतर जास्त, नाहीतर वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या वेलांटीला भिडतो. अक्षरं एकमेकांपासून लांब सरकवू नयेत, शिरोरेघ तुटते. फाईल युनिकोडमध्ये करून, कर्व्ह करूनच, म्हणजे अक्षरांचं चित्रात रूपांतर करूनच द्यावी. एरवी दुकानातल्या संगणकावर जोडाक्षरं फुटतात.

आणि हे सगळं नैतिकता समितीकडून, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाला मंजुरी देणाऱ्या समितीकडून, मंजूर झाल्यावरच छापायचं. चाचणीसाठी माणसं बोलावणारं पोस्टर समितीनं तपासायचं असतं. नंतर एक शब्द बदलला तरी परत दाखवायचं. 'मोफत उपचार', 'खात्रीशीर गुण' असले शब्द चालत नाहीत. 'नाही म्हटलं तरी तुमचे उपचार थांबणार नाहीत' ही ओळ तळाशी मुंगीएवढी छापतात. ती नळीच्या चित्राशेजारी, ठळक हवी. क्यूआर कोडवर भिस्त नको, डोंगरात रेंज कुठे असते? एक पांढरी चौकट मोकळी सोडावी, उपकेंद्रात मार्करनं नाव-नंबर लिहिता येतो.

छापण्याआधी मजकूर झाकून आठ-दहा जणांना दाखवावं. 'आवडलं का' विचारू नये, सगळे हो म्हणतात. 'काय दिसतंय' विचारावं.

दृश्य: उपकेंद्राची भिंत. जुन्या पोस्टरशेजारी नवं, निष्कर्षांचं.

छपाईच्या पैशातून दुसऱ्या पोस्टरचे पैसे आधीच बाजूला काढावेत : काय सापडलं, ते सांगणारं. ते लागलं नाही, तर पुढच्या वेळी त्याच पाड्यावर बाही वर होत नाही. त्यात आकडे तालुक्याचे द्यावेत. वीस घरांच्या पाड्याचा आकडा छापला, की कोण ते सगळ्यांना कळतं.