सूट मशीनवर, खर्च बॅटरीवर

नमस्कार, श्रोतेहो.

मार्च लागला की नागपुरात माळ्यावरचे कूलर खाली उतरतात. कुणाला खिडकीबाहेर स्टँड बसवायचा असतो, कुणाला पाण्याच्या पाइपसाठी क्लॅम्प ठोकायचे असतात. अंगणात कडुनिंबाच्या पानांचा सडा, कुंपणाचा दुरांटा वेडावाकडा वाढलेला. नेमक्या याच दिवसांत मोबाइलवर बॅटरीवर चालणाऱ्या, बिनवायरीच्या मशीनांची जाहिरात येते: कॉर्डलेस ड्रिल, हेज ट्रिमर, ब्लोअर, 60 टक्के सूट! इतवारीत चक्कर मारली तरी हार्डवेअरच्या दुकानात हीच मशीनं काउंटरवर मांडलेली दिसतात.

60 टक्के सूट, पण कशावर? खोक्यावर छापलेल्या कमाल किरकोळ किमतीवर, म्हणजे एमआरपीवर. किंमत छापलीच पाहिजे असा कायदा आहे, पण ती किती छापायची हे बनवणारा किंवा आयात करणारा स्वतःच ठरवतो. 12,999 छापायचे आणि 4,999 ला विकायचं, यात कायदा मोडत नाही आणि तुमचे आठ हजार वाचतातच असंही नाही. म्हणून टक्क्यांकडे बघूच नका. खोक्यात काय काय आहे ते बघा. 'बेअर टूल' किंवा 'सोलो' असं बारीक अक्षरात लिहिलं असेल, तर आत नुसतं मशीन असतं, बॅटरी नाही आणि चार्जरही नाही. त्या दोन वस्तू वेगळ्या घ्यायला गेलात की कित्येकदा मशीनइतकेच पैसे पुन्हा मोजावे लागतात.

कॉर्डलेसचा सगळा हिशेब बॅटरीपाशी येतो. मशीन दहा वर्षं टिकेल, बॅटरी तेवढी टिकत नाही. तेव्हा आधी बॅटरी पारखायची आणि मग मशीन.

बॅटरीवर दोन आकडे असतात, व्होल्ट आणि एएच म्हणजे अँपिअर-अवर. नेहमीच्या लिथियम-आयन सेलचा सरासरी दाब 3.6 व्होल्ट, पूर्ण चार्ज झाल्यावर 4.2. असे पाच सेल एकामागे एक जोडले की 18 व्होल्ट, आणि पूर्ण चार्ज असताना 21. म्हणजे कुणी 18 लिहितं, कुणी 20 मॅक्स, कुणी 21, पण आतला माल तोच, पाच सेलची माळ. डीवॉल्टची जी बॅटरी अमेरिकेत 20 व्होल्ट मॅक्स म्हणून विकली जाते, तीच युरोपात 18 व्होल्टची म्हणून ओळखली जाते. '12 व्होल्ट मॅक्स'चं गणितही असंच, तीन सेल, खरे 10.8.

आता दुकानदार म्हणतो, "भाऊ, हे घ्या ना, अठ्ठेचाळीस व्होल्टचं आहे, पॉवरफुल!" काही अनोळखी नावांच्या मशीनवर 48 व्ही, 88 व्हीएफ, 98 व्हीएफ असे आकडे खुशाल छापलेले असतात. त्यातला 'एफ' म्हणजे काय, हे दुकानदाराला विचारू नका, उगाच बिचाऱ्याची पंचाईत. त्याऐवजी चार्जर उलटा करा आणि 'आउटपुट'पुढे काय लिहिलंय ते वाचा. तिथे 21 व्होल्ट दिसलं, की बॅटरीत पाचच सेल आहेत, वर काहीही छापलेलं असो.

एएचचा आकडाही फुगवलेला असतो, आणि तो पकडायला घरातला वजनकाटा पुरतो. या बॅटरीतला नेहमीचा सेल, ज्याला 18650 म्हणतात, साधारण 45 ग्रॅमचा. 4 एएचची 18 व्होल्टची बॅटरी करायला असे दहा सेल लागतात, पाच-पाचच्या दोन माळा. म्हणजे साडेचारशे ग्रॅम नुसते सेलचे, वर प्लास्टिक आणि सर्किट. मोठ्या आकाराचे सेल वापरले तर पाचात भागतं, पण तेही प्रत्येकी 70 ग्रॅमच्या आसपास असतात. कसंही धरा, 4 एएचची बॅटरी अर्ध्या किलोच्या आसपास तरी भरायलाच हवी. 6 एएच लिहिलंय आणि वजन साडेतीनशे ग्रॅम, तर तो माल ठेवा बाजूला.

व्होल्टला एएचने गुणलं की खरी साठवण कळते. 18 गुणिले 2 म्हणजे 36 वॉट-अवर. गवत कापायचा ट्रिमर जोर लावून चालताना 300 वॉट खात असेल, तर ही बॅटरी सात मिनिटांत बसते. 4 एएचची असली तर चौदा-पंधरा मिनिटं. प्रतापनगर-त्रिमूर्तीनगरच्या बंगल्यापुढचा हिरवळीचा तुकडा एवढ्यात होतो. पण बेसा-मनीषनगरकडे रिकामा प्लॉट घेऊन ठेवलाय आणि पावसाळ्यात तिथे काळ्या मातीत गवत कमरेइतकं वाढलंय, तर हे खेळणं तिथे नेऊ नका. तिथे पेट्रोलवरचं ब्रश कटर असलेला माणूस बोलवावा. हेज ट्रिमरला मात्र इतका जोर लागत नाही. दुरांटा, मेंदी, जास्वंदाचे कोवळे शेंडे छाटायला 2 एएचसुद्धा बराच वेळ पुरते. बागेत कॉर्डलेस घ्यावं असं एकच यंत्र विचाराल, तर मी हेज ट्रिमर सांगेन. वायरीचा ट्रिमर चालवताना पात्यात वायर सापडायची भीती असते, आणि ओल्या अंगणात ती भीती साधी नाही.

हातात मावणारी छोटी चेन सॉ सध्या फार स्वस्त मिळते. माझा तिला विरोध आहे. एका हाताने धरायची, दुसऱ्या हाताने फांदी, आणि उभं राहायचं शिडीवर! घ्यायचीच असेल तर पुढे हाताला आडोसा असलेली आणि बोट काढताच थांबणारी घ्या, साखळीला तेल देत जा, आणि शिडीवर चढून वापरू नका. शिवाय आपल्या अंगणातलं झाड आपलंच असलं, तरी महाराष्ट्रात शहरांसाठी 1975 चा वृक्ष संरक्षण कायदा आहे. झाडाला हात लावण्याआधी महापालिकेच्या उद्यान विभागात विचारावं.

आता घरातलं ड्रिल. 'इम्पॅक्ट' या शब्दाने इथे पुष्कळ गिऱ्हाइकं फसतात. इम्पॅक्ट ड्रिल फिरता फिरता पुढच्या बाजूला ठोके देतं, ते भिंतीसाठी. इम्पॅक्ट ड्रायव्हर फिरण्याच्या दिशेने ठोके देतो, तो स्क्रू आणि बोल्ट आवळायला. भिंतीत भोक पाडायला तो कामाचा नाही. सवलतीत ड्रायव्हर स्वस्त दिसतो, लोक ड्रिल समजून घेतात आणि मग भिंतीपुढे घाम गाळत बसतात. तिसरा रोटरी हॅमर, एसडीएस म्हणजे खाचेत अडकणाऱ्या बिटचा, तो स्लॅबसाठी. आपल्याकडे कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांतल्या राखेमुळे फ्लाय अॅशच्या विटांची घरं पुष्कळ. त्या विटेत साधं इम्पॅक्ट ड्रिल सहज जातं. पण बिट कॉलम किंवा बीममध्ये गेली की छोटं कॉर्डलेस कण्हायला लागतं.

आणि वर्षातून दोन-चार भोकंच पाडायची असतील, तर मी सरळ वायरीचं, 13 मिलिमीटर चकचं, म्हणजे बिट पकडणाऱ्या तोंडाचं, इम्पॅक्ट ड्रिल घ्या म्हणेन. सूट नसली तरी ते स्वस्त पडतं, आणि पाच वर्षं कपाटात पडलं तरी प्लगला लावलं की फिरतं. वापरा की नका वापरू, लिथियम बॅटरी कपाटातही म्हातारी होते. म्हणूनच 'क्लिअरन्स'चा माल घेताना खोक्यावरचा निर्मितीचा महिना आणि वर्ष वाचा. दोन वर्षांपूर्वीचा असेल तर मशीन नवं आहे, बॅटरी नाही.

एकदा एका कंपनीची बॅटरी घेतली की पुढची मशीनंही त्याच जातीची घ्यावी लागतात, हेही लक्षात असू द्या. एकाच कंपनीतसुद्धा घोळ असतात. बॉशची निळी आणि हिरवी, दोन्ही 18 व्होल्टच्या, पण एकीची बॅटरी दुसरीत बसत नाही. मकिताची 18 आणि 40 व्होल्टची मालिकाही वेगळी. म्हणून पहिलं मशीन घेतानाच विचारा: याच बॅटरीवर ट्रिमर, ब्लोअर मिळतो का, आणि सुटी बॅटरी नागपुरात मिळते का? ब्रशलेस, म्हणजे आत घासणारे कार्बन ब्रश नसलेली मोटर चांगली, कमी तापते, बॅटरी जास्त पुरते. ट्रिमर-ब्लोअरला तिचे जास्तीचे पैसे द्यावेत, घरच्या ड्रिलला देऊ नयेत.

आपला उन्हाळा तर तुम्हाला ठाऊकच आहे. पारा 45 वर असताना गच्चीवरच्या खोलीत किंवा उन्हातल्या गाडीत बॅटरी ठेवली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. चार्जिंगसाठी बऱ्याच पुस्तिकांत 40 अंशांच्या आसपासची मर्यादा दिलेली असते. मे महिन्यात पहाटे चार्ज करा. महिनोन्महिने लागणार नसेल तर निम्मी भरून घरातल्या गार कोपऱ्यात ठेवा.

मशीन घरी आलं की परत करायची मुदत संपायच्या आत त्याला खरं काम द्या. नुसतं हवेत फिरवून कळत नाही. पूर्ण चार्ज करून कुंपण छाटा, भिंतीत भोक पाडा, बॅटरी किती वेळ चालली ते घड्याळात बघा, आणि हात लावून किती तापली तेही. बिल जीएसटीचं घ्या, त्यावर बॅटरीची वॉरंटी वेगळी लिहून घ्या, कारण ती बहुतेक वेळा मशीनपेक्षा कमी असते. दुकानदार किंवा ऑनलाइन विक्रेता दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे 1915.

नमस्कार.