आवाज बंद केला तरी ओळखू येणारी गाणी

मित्रहो, सर्वांत संस्मरणीय पॉप व्हिडिओ कोणता, या वादात पहिले नाव बहुधा मायकल जॅक्सन यांच्या ‘थ्रिलर’चे घेतले जाते, आणि तो मान त्याच्या हक्काचाच आहे. डिसेंबर १९८३ मध्ये प्रदर्शित झालेला, जॉन लँडिस यांनी दिग्दर्शित केलेला हा सुमारे चौदा मिनिटांचा व्हिडिओ २००९ साली अमेरिकेच्या नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत समाविष्ट झाला आणि तिथे स्थान मिळवणारा पहिला म्युझिक व्हिडिओ ठरला. मात्र सरकारी यादीपेक्षा मला मोठा पुरावा वाटतो तो त्यातल्या समूहनृत्याचा, कारण जगभर लोक आजही ते एकत्र येऊन नाचतात.

माझी कसोटी इथूनच निघते. आवाज पूर्ण बंद करून चार-पाच सेकंद पाहिले, तरी गाणे मनात वाजू लागले पाहिजे. या कसोटीवर ऐतिहासिक अग्रक्रम पुरेसा ठरत नाही. १ ऑगस्ट १९८१ रोजी एमटीव्ही ही अमेरिकी संगीतवाहिनी सुरू झाली तेव्हा दाखवलेला पहिला व्हिडिओ, म्हणजे बगल्स या बँडचा ‘व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार’, सर्वांना नावाने माहीत आहे. त्यातले एखादे दृश्य मात्र फार थोड्यांना आठवते. उलट, क्वीन या बँडच्या १९७५ च्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’तले अंधारातून वर पाहणारे चार चेहरे कोणीही ओळखतो. ती रचना त्यांच्याच आधीच्या एका अल्बमच्या मुखपृष्ठावरून घेतलेली होती, पण लोकांच्या मनात ती रुजली या गाण्यामुळे. प्रेक्षकसंख्येचेही तसेच आहे. डिसेंबर २०१२ मध्ये ‘गंगनम स्टाइल’ने यूट्यूबवर शंभर कोटींचा टप्पा प्रथमच ओलांडला, तो आकडा पुढे अनेकांनी मागे टाकला, पण घोडा दौडवल्यासारखी ती नाचाची चाल अजून त्याचे कोरियन गायक साय यांचीच आहे.

तंत्रनैपुण्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे मला अधिक गंभीर वाटते. आ-हा या बँडच्या ‘टेक ऑन मी’चा आधीचा व्हिडिओ फारसा कोणाच्या लक्षात राहिला नव्हता. पुढे नव्या व्हिडिओबरोबर गाणेही पुन्हा ध्वनिमुद्रित झाले होते, हे खरेच. तरीही १९८५ साली स्टीव्ह बॅरन यांच्या दिग्दर्शनाखाली मायकल पॅटरसन आणि कँडेस रेकिंगर यांनी चित्रित केलेल्या फ्रेमवर पेन्सिलीने हजारो रेखाटने केली नसती, तर कागदातून बाहेर आलेला तो हात आज कोणाला आठवला असता? जमिरोक्वाय या बँडच्या १९९६ च्या ‘व्हर्च्युअल इन्सॅनिटी’त जमीन सरकल्याचा भास होतो, पण प्रत्यक्षात दिग्दर्शक जोनाथन ग्लेझर यांनी भिंती हलवल्या होत्या आणि कॅमेरा त्यांच्याबरोबरच सरकत होता. ही युक्ती कळल्यावरही मला तो व्हिडिओ तितकाच विलक्षण वाटतो, आणि युक्तीवर उभ्या असलेल्या फारच थोड्या कलाकृतींबद्दल असे म्हणता येते.

तरीही माझे मत मी १९९० च्या ‘नथिंग कम्पेअर्स टू यू’ला देतो. गाणे प्रिन्स यांचे, आवाज आणि चेहरा सिनेड ओ’कॉनर यांचा, दिग्दर्शन जॉन मेबरी यांचे. त्यात पॅरिसजवळच्या उद्यानात चालतानाची काही दृश्ये आहेत, जी वगळली असती तरी माझ्या मते काही बिघडले नसते. बाकी बहुतेक वेळ पडद्यावर काळ्या पार्श्वभूमीवरचा एक चेहरा आहे. आईच्या उल्लेखापाशी डोळ्यांतून पाणी येते. ते ठरवलेले नव्हते, आपल्याला दिवंगत आईची आठवण झाली होती, असे गायिकेने पुढे सांगितले. त्या वर्षी एमटीव्हीचा सर्वोत्कृष्ट व्हिडिओचा पुरस्कार याला मिळाला आणि तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला कलाकार ठरल्या.

यावर आक्षेप असा येतो की, ज्याची नक्कल होत नाही ते लोकांचे कसे झाले? हा आक्षेप मला मान्य नाही. २०१३ साली मायली सायरस यांच्या ‘रेकिंग बॉल’मध्ये थेट कॅमेऱ्यात पाहणारा अश्रूभरला चेहरा आला, तेव्हा प्रेक्षकांना ओ’कॉनर यांची आठवण लगेच झाली, आणि ती प्रेरणा सायरस यांनी स्वतःही सांगितली. तेवीस वर्षांनंतर एक चेहरा पाहून दुसरा आठवावा, एवढी ताकद मला या यादीतल्या दुसऱ्या कोणत्याही व्हिडिओत दिसत नाही.