लोकलच आहे ना, मग घाई कशाला?

जुन्या लिनक्सवरच्या लोकल प्रिव्हिलेज एस्कलेशनची, म्हणजे मशीनवर शिरलेल्या साध्या युजरला सगळे अधिकार मिळवून देणाऱ्या त्रुटींची दुरुस्ती, हा आजचा विषय. तिकडे येतोच, पण आधी एक तक्रार. ‘त्रुटी लोकल आहे, लॉगिन लागतं, पुढच्या तिमाहीत बघू’ हे वाक्य निघालं नाही अशी मीटिंग मला आठवत नाही. अहो, वेब सर्व्हरवरचं फाटकं अ‍ॅप्लिकेशन फोडून जो आत येतो, तो सामान्य युजर म्हणूनच येतो. रूट, म्हणजे मशीनचा सर्वाधिकारी, व्हायला त्याला हीच ‘लोकल’ त्रुटी पुरते.

माझं लाडकं उदाहरण पीकेएक्झेक, दुसऱ्या युजरच्या अधिकाराने कमांड चालवून देणारा लिनक्सवरचा प्रोग्रॅम. (हसू नका, नाव मी ठेवलेलं नाही.) मे २००९ पासून त्यात बसलेली त्रुटी क्वालिस या सुरक्षा कंपनीने जानेवारी २०२२ मध्ये जाहीर केली. प्रोग्रॅम सेटयूआयडी-रूट: चालवणारा कुणीही असो, अधिकार रूटचे. सी भाषा शिकताना आपण घोकतो की आर्ग्युमेंटच्या, म्हणजे प्रोग्रॅमला दिलेल्या शब्दांच्या, यादीत पहिलं नाव प्रोग्रॅमचं स्वतःचं, म्हणजे यादी रिकामी नसतेच. कुणी सांगितलं? प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या एक्झेकव्हीई कॉलला रिकामी यादी द्या, कर्नल (सिस्टिमचा गाभा) तेव्हा ती निमूट घ्यायचं. इकडे पीकेएक्झेक मोजायला लागतं एकपासून, कारण शून्याची जागा नावाची. त्या जागी आर्ग्युमेंट नाहीच, मेमरीत यादीला लागून असलेल्या एन्व्हायर्नमेंटचं (प्रोग्रॅमला मिळणाऱ्या सेटिंग्जचं) पहिलं व्हेरिएबल आहे. ते प्रोग्रॅमचं नाव समजून पूर्ण पाथ शोधायचा आणि तिथेच परत लिहायचा! प्रोग्रॅम मेमरीत चढवणाऱ्या लोडरने सुरुवातीलाच काढून टाकलेलं घातक व्हेरिएबल अशा रीतीने परत येतं आणि हल्लेखोराची लायब्ररी रूट म्हणून चालते. वेळेची शर्यत नाही, नशिबाचा भाग नाही. मला हे देखणं वाटतं. मागच्या रांगेतले चेहरे सांगतायत की तिथे सिस्टिम सांभाळणारी मंडळी बसली आहेत.

पाच मिनिटं उरल्याची खूण झाली. म्हणजे दुरुस्ती आता धावतपळत.

पॅच (दुरुस्तीचा कोड) मिळत नसेल तर पीकेएक्झेकवर सीएचमॉड ०७५५ ही परवानग्या बदलणारी कमांड, सेटयूआयडी बिट गेला. तसंच मशीनवरच्या सगळ्या सेटयूआयडी फाइल्स शोधा. ज्या कुणी वापरत नाही त्यांचाही बिट काढा. माझ्या मते जुन्या सिस्टिमवर याहून स्वस्त दुरुस्ती नाही.

कर्नलमधल्या त्रुटीला हा उपाय नाही. तिथे नवा पॅच जुन्या कोडवर बॅकपोर्ट करायचा, आणि तो नुसता चिकटवून भागत नाही. डर्टी काऊ ही कर्नलमधली त्रुटी २.६.२२ या आवृत्तीपासूनची, २०१६ मध्ये मिटली. लिनक्सचे जनक टोरवाल्ड्स यांनी अकरा वर्षं आधी केलेली तिची दुरुस्ती एस-३९० या आयबीएम मेनफ्रेमवरच्या अडचणींमुळे मागे घेतली गेली होती. २०१६ च्या पॅचमध्येही ह्यूज पेजेसची (मेमरीच्या मोठ्या तुकड्यांची) फट राहिली, ती २०१७ मध्ये सापडली. म्हणून एक्स्प्लॉइट (त्रुटी वापरणारा हल्ल्याचा कोड) पॅचच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा टेस्ट मशीनवर चालवून पाहा.

आणि ऑडिटवाल्यांनो, बॅकपोर्टमध्ये मूळ आवृत्तीचा आकडा तोच राहतो. आकडा बघून ‘नापास’ लिहू नका, पॅकेजचा चेंजलॉग (बदलांची नोंद) उघडा. मशीन रीबूट झालंय का तेही विचारा, कारण पॅकेज नवं आणि मेमरीत चालणारं कर्नल जुनंच, हे मी वारंवार पाहिलंय.