गिस्बर्नहून मागे

नमस्कार श्रोतेहो. आज मी माझ्या वहिनींची गोष्ट सांगणार आहे. त्यांना विचारूनच सांगतोय. "सांगा भाऊजी, पण गिस्बर्नचं सगळं सांगा, काही गाळू नका," असं त्या म्हणाल्या. गिस्बर्न म्हणजे मेलबर्नहून बेंडिगोला जाताना वाटेत लागणारं गाव. तेव्हा गिस्बर्नचं सगळं सांगतो.

विषय आहे गॅस्ट्रिक बँडची पहिली अॅडजस्टमेंट. वजन कमी करण्यासाठी जठरावर बँड बसवला, की साधारण चार ते सहा आठवड्यांनी त्यात पहिल्यांदा पाणी भरतात. आमच्या घरात त्याला ‘पाणी भरायला जाणं’ असंच म्हणत. मीही तेच म्हणेन.

आधी थोडं बँडविषयी. बँड म्हणजे सिलिकॉनचं कडं. अन्ननलिका संपते त्याच्या जरासं खाली, जठराच्या वरच्या टोकाला ते बसवतात. कड्याच्या आतल्या अंगाला फुगा असतो, सायकलच्या ट्यूबसारखा. त्यातून एक बारीक नळी निघते आणि पोटाच्या कातडीखाली, स्नायूवर शिवून टाकलेल्या एका छोट्या डबीला मिळते. ती डबी म्हणजे पोर्ट. पोर्टमध्ये सुईने निर्जंतुक सलाईन घातलं की फुगा फुगतो आणि कडं आवळतं. काढून घेतलं की सैल होतं. त्यासाठी पुन्हा ऑपरेशन लागत नाही. असा कमीजास्त करता येणारा बँड अमेरिकेत ल्युबोमिर कुझमॅक यांनी १९८६ साली वापरला. १९९३ साली बेल्जियममध्ये मितिकु बेलाच्यू यांनी तो दुर्बिणीतून बसवला, आणि १९९४ पासून पॉल ओब्रायन यांनी आपल्या मेलबर्नमध्ये हे काम सुरू केलं. म्हणून या शहरात बँडवाली माणसं इतकी भेटतात.

आता एक गोष्ट नीट ऐका. ऑपरेशनच्या वेळी बँड रिकामा किंवा जवळजवळ रिकामा ठेवतात. आतली सूज उतरायची असते, कडं जागेवर धरायचं असतं. पहिले दोन आठवडे पातळ पदार्थांवर जातात, वजन भराभर उतरतं, भूक मेल्यासारखी वाटते. मग सूज उतरते आणि भूक परत येते. पहिल्यासारखी, पूर्ण. रिकामा बँड भूक थांबवत नाही. पुन्हा सांगतो, रिकामा बँड भूक थांबवत नाही. हे वहिनींना कागदावर लिहून दिलेलं होतं, आणि तरीही त्या दिवशी जे झालं ते झालं.

२००९ चा जुलै, म्हणजे इथला ऐन हिवाळा. दादा-वहिनी तेव्हा बेंडिगोला राहायचे, मीही तिथेच, दोन गल्ल्या सोडून. दादाची रात्रपाळी, म्हणून वहिनींना मेलबर्नला न्यायचं काम माझ्याकडे. दीडशे किलोमीटर जायचं, दीडशे यायचं. पहाटे निघालो तेव्हा काचेवर बर्फाचा पापुद्रा होता, तो मी जुन्या बँक कार्डाने खरवडला. वहिनी मागे बसल्या नाहीत, पुढेच बसल्या, मांडीवर पर्स घट्ट धरून. हारकोर्टच्या सफरचंदांच्या बागा गेल्या, काइन्टन गेलं, तरी एक शब्द नाही. मला वाटलं सुईची भीती असेल.

क्लिनिकमध्ये आधी वजन केलं. काटा मधल्या बोळात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या समोर. हे मला तेव्हाही खटकलं, आजही खटकतं. वजनाचा काटा दाराआड असावा. माणूस लाज वाटून घेऊन आत शिरला की आत खरं बोलत नाही. असो. ऑपरेशनपासून वजन सहा किलो उतरलेलं. डॉक्टरांनी विचारलं, भूक कशी आहे? वहिनी म्हणाल्या, नाही लागत. दोन जेवणांच्या मध्ये? नाही. पोट भरल्यासारखं वाटतं? हो, लगेच. एका जेवणात किती खाता? अर्धी वाटी. मी शेजारीच बसलो होतो. डॉक्टर खूश झाले. म्हणाले, मग आज पाणी भरायची गरज नाही, बँड आत्ताच काम करतोय असं दिसतंय. चार आठवड्यांनी या. सुई उघडलीसुद्धा नाही.

आम्ही गाडीत बसलो. मी आपला आनंदात. सुईशिवाय सुटलो म्हणालो. वहिनी खिडकीबाहेर बघत होत्या. विमानतळाची पाटी गेली, काल्डर फ्रीवे लागला, पाऊस सुरू झाला. आणि गिस्बर्नचा फाटा दिसायला लागला तेव्हा त्या एकदम म्हणाल्या, "भाऊजी, मी खोटं बोलले."

गाडीविषयी माझं एक मत आहे, मध्येच सांगून टाकतो. मनातलं बोलायला गाडीसारखी जागा नाही. दोघंही समोर रस्त्याकडे बघत असतात, कुणाला कुणाच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. आमच्या वडिलांशी माझं जे काही खरं बोलणं झालं ते मोटारसायकलवर झालं, मिरजेहून सांगलीला जाताना, मी त्यांच्या पाठीमागे बसून. घरात मुलं बोलत नसली तर त्यांना गाडीत घ्या आणि लांब कुठेतरी न्या.

तर वहिनी. मी गाडी फाट्याने आत घेतली, पेट्रोल पंपावर उभी केली. आणि त्या बोलल्या. तिसऱ्या आठवड्यापासून दिवसभर भूक लागत होती. जेवून उठलं की तासाभरात पुन्हा. मुलांसमोर अर्धी वाटी वरण घ्यायच्या, आणि रात्री दादा कामावर गेला, मुलं झोपली की कपडे धुवायच्या खोलीत दिवा न लावता उभ्यानं चिवडा खायच्या. दिवा न लावता. हे सांगताना त्यांचा आवाज गेला. मी विचारलं, मग डॉक्टरांना का नाही सांगितलंत? म्हणाल्या, "एवढा पैसा घातला. आईला सांगलीला फोन केला तर ती म्हणते, पोट बांधून घेतलंस, आता कसली भूक? मला वाटलं, खोट माझ्यातच आहे. बँडसुद्धा हरला माझ्यापुढे."

श्रोतेहो, मला तेव्हा यातलं फारसं कळत नव्हतं. पण तो कागद गाडीच्या खणात होता. मी काढला आणि मराठीत वाचून दाखवला. बँड सध्या रिकामा आहे, भूक परत येईल, ती येणं स्वाभाविक आहे, ती आली की पहिलं भरण करू. तीन ओळी. वहिनींनी त्या दोनदा वाचायला लावल्या. मग म्हणाल्या, "मागे वळवता येईल का हो?"

मी तिथूनच फोन लावला. नर्सबाईंनी उचलला. मी काय सांगावं म्हणून चाचरत होतो, तर वहिनींनी माझ्या हातातून फोन घेतला आणि त्यांच्या त्या वेळच्या मोडक्या इंग्रजीत स्वतः सांगितलं, मला भूक लागते, सकाळी खोटं सांगितलं. पलीकडून क्षणभर काही नाही. मग त्या बाई म्हणाल्या, साडेचारच्या आत पोहोचा, मी थांबते.

पोहोचलो. पन्नासच किलोमीटर, पण पावसात ते वाढतात. नर्सबाई वयानं मोठ्या होत्या, बँड भरायचं काम त्याच करायच्या. रागावल्या नाहीत. वहिनींचा हात हातात घेऊन म्हणाल्या, सकाळी आम्हाला एवढंच ऐकायचं होतं. मग तेच प्रश्न पुन्हा विचारले, आणि या वेळी खरी उत्तरं मिळाली. चिवडासुद्धा.

पाणी भरायला किती वेळ लागला सांगू? पाच मिनिटं. वहिनींना उताणं झोपवलं, डोकं किंचित उचलायला सांगितलं, म्हणजे पोटाचा स्नायू ताठ होतो आणि पोर्ट बोटांना लागतो. जागा पुसली. सुई टोचली. ही ह्यूबर सुई असते, तिचं टोक जरासं वळलेलं असतं, त्यामुळे पोर्टच्या सिलिकॉनचा तुकडा कापून निघत नाही आणि टोचलेली जागा आपोआप मिटते. म्हणून त्याच पोर्टमध्ये पुन्हापुन्हा टोचता येतं. वहिनी म्हणाल्या, रक्त काढताना दुखतं त्याहून कमी. पाणी घातलं ३ मिलिलिटर. चहाचा चमचासुद्धा भरत नाही. वहिनी म्हणाल्या, एवढंसंच? इतक्या लांबून आलेय, थोडं जास्त घाला. बाईंनी मान हलवली. म्हणाल्या, जास्त घातलं तर रात्री मला फोन कराल.

मग बसतं केलं आणि ग्लासभर पाणी दिलं. घोट घोट. पाणी सहज खाली उतरलं की पेशंटला घरी सोडतात. छातीत थांबलं, वर आलं, तर तिथल्या तिथे थोडं काढून घेतात. तेव्हा घाईनं निघू नका. तो ग्लास पूर्ण पिऊनच निघा.

परतताना अंधार पडला होता. गिस्बर्न पुन्हा आलं तेव्हा वहिनी हसल्या, आणि त्या वर्षातलं त्यांचं हसणं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

आता पोळीचं. पहिले एक-दोन दिवस पातळ, मग मऊ, मग नेहमीचं, असं सांगितलेलं. तिसऱ्या दिवशी मुलांना पोळ्या करताना वहिनींनी तव्यावरची गरम पोळी, तूप लावून, एक घास तोंडात टाकला. उभ्यानं, नेहमीसारखा मोठा. तो छातीच्या हाडामागे बसला. दगड ठेवल्यासारखा. तोंडाला पाणी सुटायला लागलं, लाळ थांबेना, मोरीवर वाकून उभ्या. दादानं धावत जाऊन पाण्याचा तांब्या दिला, आणि त्या प्यायल्या. तिथे चूक झाली. घास अडकला की वरून पाणी पिऊन ढकलायचा, ही आपली पिढ्यान्पिढ्यांची सवय. बँडवर ती चालत नाही. वाट आधीच बंद असते, पाणी वर साचतं आणि दुखणं वाढतं. काही पिऊ नका. उभं राहा, थोडं चाला, थांबा. वीस मिनिटांनी घास वर आला आणि सुटका झाली. पुढचा पूर्ण दिवस पुन्हा पातळावर.

पोळी, मोकळा शिजलेला भात, मऊ पांढरा पाव, कोरडी कोंबडी, हे बँडवर अडणारे पदार्थ. वहिनींचं पुढे बसलं ते असं: वरणात भिजवून कुस्करलेली भाकरी, आसट मुगाची खिचडी, पिठलं, रश्शातला मासा. घास हरभऱ्याएवढा, नीट चावायचा, गिळल्यावर मिनिटभर थांबायचं. प्रत्येक घास त्या अरुंद जागेतून पिळून पिळून खाली जातो, आणि जाताना तिथल्या नसांना ताण देऊन मेंदूला सांगतो की पुरे. बँडचं काम हे आहे. भूक भागवणं. घास अडवणं हे त्याचं काम नाही. भूक भागवणं.

म्हणून घट्ट म्हणजे चांगला, असं धरून चालू नका. वाटीभर खाऊन तीन-चार तास निवांत जातात, तेव्हा बँड बरोबर आहे. भूक लागते, घास मोठे होतात, तर पाणी कमी आहे. आणि रात्री आडवं झाल्यावर खोकला येतो, आंबट पाणी वर येतं, घट्ट काही उतरत नाही म्हणून आइस्क्रीमवर दिवस निघतात, तर पाणी जास्त आहे, काढून घ्यायचं. ही सूक्ष्म जुळणी एका भेटीत होत नाही. वहिनींना पहिल्या वर्षात सहा खेपा लागल्या. पण पाणीसुद्धा उतरत नसेल, स्वतःची लाळ गिळता येत नसेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. त्याच दिवशी फोन करा, त्याच दिवशी जा. पोर्टची जागा लाल झाली, ताप आला, पोटात जोरात दुखलं, तरीही तसंच.

घरातल्यांसाठीही एक विनंती आहे. आग्रह करू नका. आपल्या पंगतीतला आग्रह मला स्वतःला फार प्रिय आहे, आजोबा पाहुण्याच्या ताटात जिलबी टाकून हात मागे घ्यायचे ते मला अजून दिसतं. पण बँड असलेल्या माणसाला "एकच घास, माझ्यासाठी" म्हटलं, तर तो घास त्याला मोरीवर उभं करतो. आणि "ऑपरेशन म्हणजे सोपा मार्ग" हे वाक्य तर आपल्या घरांतून जावंच. कपडे धुवायच्या खोलीतला तो अंधार ज्यानं पाहिला, तो असं म्हणणार नाही.

आता नव्यानं बँड बसवणारे कमी झालेत. जगभर स्लीव्हचं ऑपरेशन, म्हणजे जठराचा मोठा भाग कापून काढतात ते, जास्त होतं, आणि बऱ्याच जणांचे बँड काढूनही टाकलेत. पण ज्यांच्या पोटात तो आहे, त्यांना तपासण्या चुकवून चालत नाही, इथे असोत की पुण्या-मुंबईत.

वहिनींची दुसरी खेप ऑगस्टमध्ये होती. मी बाहेर थांबलो होतो. दार लागायच्या आत त्यांचा आवाज ऐकू आला. खुर्चीतसुद्धा बसल्या नव्हत्या, आणि सांगत होत्या, मला संध्याकाळी सहाला भूक लागते.

वहिनी, तुम्ही ऐकताय हे मला माहीत आहे. काही गाळलेलं नाही. श्रोतेहो, पुढच्या बुधवारी भेटू. नमस्कार.