एका चुलीवर

श्रोतेहो, भाजलेली जखम भरली म्हणजे हात बरा झाला असं होत नाही. भरताना कातडी आक्रसते, बोटं आत वळतात आणि रोज ताणली नाहीत तर तशीच राहतात. मी फिजिओथेरपीचं काम करतो. ज्या दोघांबद्दल आज त्यांच्या परवानगीनं बोलतोय, त्यातल्या एकाचा उजवा हात इथं बेळगावात, उद्यमबागेत फाउंड्रीत काम करताना असाच भाजला होता. माणूस निपाणीकडचा. काम सुटलं, मग व्यायामही सुटला. खानावळीच्या डब्यावर दिवस चालले होते.

दुसरा खानापूर तालुक्यातला. त्याला पुरुष आवडतात हे घरी कळलं आणि घर सोडावं लागलं. त्याची जखम दिसत नव्हती, म्हणून कुणी विचारलीही नाही. आईजवळ बसून स्वयंपाक शिकलेला हा मुलगा शहापुरात भाड्याच्या खोलीत चहा-बिस्किटांवर राहत होता. एकट्यासाठी रांधायचा उत्साह कुठून आणायचा? हात भाजलेला, डब्यावर जेवणारा तो गडी शेजारच्याच खोलीत.

दोघं एकत्र रांधू लागले त्याची सुरुवात भाकरीनं झाली, आणि मला ते फार मोलाचं वाटतं. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. उकळतं पाणी घालून, पीठ ऊन असतानाच तळहाताचा जोर लावून मळावं लागतं. पीठ जुनं असेल तर विरी गेलेली असते, थापताना भाकरी कडेनं फाटते. थापायला पंजा उघडाच लागतो, बोटं पसरलेली, हाताखाली भाकरी फिरती. जे मी सांगून सांगून झालं नव्हतं, ते परातीनं करवून घेतलं. बोटं हळूहळू सुटली.

भाजलेल्या कातडीला चटका लवकर कळत नाही, म्हणून तवा कायम दुसऱ्याकडे. हा थापायचा, तो भाकरी तव्यावर टाकायचा, वरून पाणी फिरवायचा, उलटायचा, शेकायचा. एका भाकरीला दोघं लागायचे. प्रेम नेमकं कधी जमलं, ते त्यांनाही सांगता येत नाही. शेजारच्या कानडी अक्का कारळ्याची चटणी आणून द्यायच्या. त्यांना मात्र आधीच कळलं असावं, कारण वाटी एकच यायची, पण भरून.

आईची अंबाडीची भाजी त्यानं फार उशिरा केली. ज्वारीच्या कण्या घालून शिजवलेली, वर लसणाची फोडणी. पहिल्या घासाला त्याला रडू फुटलं. हा काही बोलला नाही, ताटात आणखी एक भाकरी वाढली. स्वयंपाकानं मनाचा आजार बरा होतो, असं मात्र कुणी समजू नका. त्यानं डॉक्टरांची औषधं घेतली, अजून घेतोय. पण त्याचं औषध पोटात अन्न असताना घ्यायचं असतं, आणि ते अन्न आता वेळेवर होत होतं.

कायद्याचंही सांगतो. 6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयानं अशा सज्ञान माणसांच्या संमतीच्या नात्यावरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला. लग्नाचा हक्क 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात मिळाला नाही. तो विषय संसदेचा, असं न्यायालयानं म्हटलं. पण 2024 मध्ये केंद्रानं राज्यांना कळवलं, की अशा जोडीदारांना शिधापत्रिकेसाठी एकाच कुटुंबातले धरावं. संयुक्त बँक खातं काढायला, जोडीदाराला नॉमिनी करायला आडकाठी नाही, हेही त्याच वर्षी स्पष्ट झालं. आपल्या जनगणनेत तर एकत्र राहणारे आणि एकाच स्वयंपाकघरात जेवणारे म्हणजे एक कुटुंब; रक्ताच्या नात्याची अट तिथं नाहीच. शिधापत्रिकेवर, जनगणनेत जे कुटुंब ठरतं, त्याला आपण दारातून परत पाठवायचं कोणत्या तोंडानं?

हे विचारतोय त्याला कारण आहे. दोघं थोडी मोठी जागा शोधताहेत, स्वयंपाकघरात दोन माणसांना एकदम वावरता येईल अशी. दोन पुरुष, लग्न नाही, एवढं ऐकून घरमालक नाही म्हणतात. शहापूर, वडगाव, टिळकवाडी, कुठंही चालेल. भाडं वेळेवर देतील, ती जबाबदारी माझी. कुणाकडे जागा असेल तर कार्यक्रमानंतर मला जरूर भेटा, मी इथंच थांबतो.