चढणीचा मासा

नमस्कार श्रोतेहो.

लोणावळा म्हटलं की लोकांना चिक्की आठवते, नाहीतर भुशी धरणाच्या पायऱ्यांवरची गर्दी. मला आठवतो मृगाच्या पावसातला ओढा. गढूळ पाणी, गुडघ्यापर्यंत ओली माणसं, कुणाच्या हातात पागेर, म्हणजे फेकायचं जाळं, कुणाकडे जुनी मच्छरदाणी. काहीच नसेल तर घरातली पाटी. पहिल्या दमदार पावसाचं पाणी ओढ्याला आलं की नदीतला मासा उलटा निघतो, धारेच्या तोंडावर उड्या मारत थेट भातखाचरापर्यंत. आमच्या मावळात याला चढण म्हणतात. घाट उतरून कोकणात गेलात की वलगण.

चढणीच्या माशाची चव न्यारीच, यात वाद नाही. पोटात गाभोळी असते ना! पण गोम तिथेच आहे. तो मासा काही आपल्या कालवणासाठी वर येत नाही, अंडी घालायला येतो. भोई आळीतल्या ज्या म्हाताऱ्याने आम्हा पोरांना गळ बांधायला शिकवलं, तो चढणीच्या दिवसांत स्वतः ओढ्याकडे फिरकायचा नाही. वाम, म्हणजे सापासारखा लांब मासा, धरायला तो मागाहून जायचा, रात्री, दगडांच्या कपारीशी. आम्हाला तेव्हा वाटायचं, म्हातारा भित्रा आहे, पुराला घाबरतो.

या पाण्यांचा राजा म्हणजे महाशीर. आमच्याकडची जुनी माणसं खडशी म्हणतात. रुपयाएवढे खवले, जाड ओठ, निळसर पर. 1839 साली कर्नल साईक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांची नोंद छापली. त्याला हा मासा पुण्याच्या मुळा-मुठेत मिळाला होता, आणि शास्त्रीय नाव देताना त्याने लोकांच्या तोंडचाच शब्द उचलला: खुदरी. आजही जगभरचे अभ्यासक त्याला ‘टॉर खुद्री’ म्हणतात. शिंगाळ्याचंही तसंच, ‘सीन्घाला’. नाकावर टेंगूळ असलेल्या माशाचं नाव तर सरळ ‘नुक्ता’. दोनशे वर्षांपूर्वी नदीकाठी उभं राहून कुणा भोयाने साहेबाला ही नावं सांगितली असणार. साहेबाचं नाव ग्रंथात राहिलं, भोयाचं नाही. असो.

आता खडशीची अडचण सांगतो. तिला वाहतं, थंड, स्वच्छ पाणी लागतं आणि तळाला गोटे लागतात. पावसाळ्यात ती वर चढते. पण आमच्या डोंगरात 1915च्या सुमारास टाटांनी पाणी अडवलं. खोपोलीचं वीजघर त्याच साली सुरू झालं. इंद्रायणीवर वळवणचं धरण आलं, पुढे शिरवटा, ठोकळवाडी, मुळशी. जे पाणी भीमा-कृष्णेतून पूर्वेच्या समुद्राला जायचं, ते नळांतून घाट उतरून पश्चिमेला गेलं. मुंबईच्या गिरण्या त्यावर चालल्या. माशाची वाट मात्र भिंतीशी संपली.

गंमत अशी, की माशाला वाचवण्याचं कामही त्याच वळवणला झालं. मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. चं. वि. कुलकर्णी आणि त्यांच्यासोबत ओगले यांनी 1970च्या दशकात इथे खडशीची अंडी हाताने उबवून दाखवली. मी ते काम एकदा जवळून पाहिलं आहे. मादीचं पोट हलकेच दाबलं की लिंबाच्या रंगाची अंडी परातीत ओघळतात. त्यावर नराचं वीर्य. मग पक्ष्याच्या पिसाने अलगद ढवळायचं. पीस का, तर अंड्याला दुखू नये म्हणून. नंतर वाहत्या पाण्यातल्या तबकांत तीन-चार दिवस ठेवलं की पिल्लं बाहेर. पाणी थोडा वेळ जरी थांबलं तरी घोटाळा.

इथली पिल्लं देशभर गेली. आणि इथेच, श्रोतेहो, गोष्ट वाकडी झाली. काही कावेरीतही सोडली गेली. कावेरीत आधीच एक महाशीर राहत होता, नारिंगी शेपटीचा, पाठीला कुबड असलेला. त्याच कुळातला 120 पौंडांचा मासा 1946 साली काबिनीत गळाला लागला होता, तो विक्रम अजून सांगितला जातो. आमचा निळ्या पराचा पाहुणा तिथे असा फोफावला की घरधन्याला जागाच उरली नाही. आज तो कुबडवाला अतिसंकटग्रस्त यादीत आहे. 2018 साली त्याला नेमकं शास्त्रीय नाव जुळलं, तोवर तो जवळजवळ संपत आला होता. सोडणाऱ्यांचा हेतू वाईट होता का? मुळीच नाही. मासा वाचवायलाच निघाले होते.

म्हणून मला महाडजवळचं वाळणकोंड जास्त आवडतं. काळ नदीचा खोल डोह, काठावर वरदायिनी देवी. डोहातल्या माशांना कुणी हात लावत नाही, लोक चुरमुरे टाकतात आणि थव्याने येणारी खडशी बघत राहतात. तिथे ना तबक, ना पीस. देवीची भीती पुरते.

आमच्या ओढ्यावर देवी नाही. पण गेली काही वर्षं आम्ही चार-पाच जणांनी ठरवलंय, चढण लागली की पहिले पंधरा दिवस जाळं घरीच. म्हातारा पुराला घाबरत नव्हता, हे कळायला आम्हाला तीस वर्षं लागली. पुढे आषाढात गळ घेऊन तळ्यावर जातो तेव्हा खडशी लागली, तर ओल्या हाताने गळ काढून परत सोडतो. चिलापीला मात्र ही सवलत नाही. ती 1952 साली परदेशातून आणलेली. पिल्लं तोंडात सांभाळते आणि प्रत्येक तळं बळकावते. ती लागली की हळद, मीठ, लाल तिखट लावायचं आणि सरळ तव्यावर.

नमस्कार.