हौस, फोटो आणि खरेदीची यादी

पाणी प्यायच्या एका कपापासून सुरुवात करतो. स्टॅनली ही अमेरिकन कंपनी १९१३ सालची. तिचे दणकट थर्मास मजूर आणि रानावनात भटकणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले. मग याच कंपनीचा ४० औंसांचा, मूठ आणि स्ट्रॉ असलेला कप रील्समध्ये झळकायला लागला आणि २०१९ साली सुमारे ७ कोटी डॉलर असलेली वर्षाची विक्री २०२३मध्ये ७५ कोटींच्या घरात गेली. जानेवारी २०२४मध्ये व्हॅलेंटाइनसाठी काढलेल्या गुलाबी-लाल कपांसाठी अमेरिकेतल्या दुकानांत अक्षरशः रेटारेटी झाली. प्लास्टिकच्या बाटल्या फेकायला नकोत, एकच भांडं वर्षानुवर्षं वापरावं, हा अशा कपांचा मूळ हेतू. आणि व्हिडिओत बघावं तर एकेका घरात फळीभर रंगीबेरंगी कप ओळीने मांडलेले!

हसू येतं, मलाही येतं. पण तरुण पोरींना नावं ठेवून हात झटकायचे असतील तर व्याख्यानाची गरज नाही, ते काम घरोघरी फुकट चालतं. मला बोलायचंय ते त्या कपाच्या वाटेत जी गाळणी लागते तिच्याबद्दल. जगण्याची एखादी रीत फीडमध्ये शिरते तेव्हा तिच्यातलं काय पलीकडे जातं आणि काय अलीकडेच राहतं?

डार्क अकॅडेमिया घ्या. टम्ब्लर या समाजमाध्यमावर रुजलेला आणि २०२०च्या लॉकडाउनमध्ये टिकटॉकवर फोफावलेला हा एस्थेटिक, म्हणजे कपडे, खोली, वस्तू मिळून ठरलेली दिसण्याची एक शैली; इथे ती जुन्या विद्यापीठातल्या अभ्यासू वातावरणाची. विद्यापीठं बंद होती, आणि मुलांना विद्यापीठाची ओढ लागली होती. त्या ओढीत खोटं काही नव्हतं. आता त्यातला एक नेहमीचा फोटो डोळ्यांसमोर आणा. लाकडी टेबल, जाड लोकरी ट्वीडचा कोट, मेणबत्ती, शेजारी पिवळ्या पानांचं उघडं पुस्तक. फोटो काढणारीने ते अवघड पान तासभर झटून, तीनदा मागे जाऊन वाचलं असेल. किंवा ते पुस्तक मेणबत्तीच्या रंगाला शोभतं म्हणून उघडून ठेवलं असेल. दोन्ही फोटो हुबेहूब सारखे येतात. कॅमेऱ्याला फरक कळत नाही, अल्गोरिदमला तर कळून घ्यायचाच नाही. बोट वर सरकायच्या आत ओळख पटली पाहिजे, एवढीच त्याची अट. ती अट ट्वीड पुरी करतं, मेणबत्ती पुरी करते. समजलेलं पान करत नाही. मग काही महिन्यांत त्या एस्थेटिकचा अर्थच ट्वीड आणि मेणबत्ती असा होऊन बसतो. आणि ट्वीड-मेणबत्ती या वस्तू आहेत. वस्तूला दुकान असतं, दुकानाची लिंक व्हिडिओखाली देता येते, लिंकवर कमिशन मिळतं. यात कुणी कट केला असं मला वाटत नाही. गाळणीच अशी आहे की तिच्यातून फक्त विकत घेता येण्याजोगं खाली उतरतं.

कॉटेजकोरचं, म्हणजे खेड्यातल्या साध्या घरगुती जगण्याच्या एस्थेटिकचं, थोडं वेगळं. त्याच लॉकडाउनमध्ये पुष्कळ लोक खरोखर पाव भाजायला शिकले, भरतकाम शिकले, त्याला नाकं मुरडू नयेत. पण खेड्याचं चित्र रंगवून त्यातले कष्ट पुसायची हौस इंटरनेटच्या कितीतरी आधीची आहे. १७८३ साली फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिने व्हर्सायच्या राजवाड्याच्या आवारात स्वतःसाठी एक खेडं बांधायला घेतलं. झोपड्या, गिरणी, दूधघर, तळं, सगळं होतं. भिंती कोऱ्या, म्हणून त्या जुन्या-पडक्या वाटाव्यात यासाठी त्यांच्यावर भेगा रंगवून घेतल्या. रंगवलेल्या भेगा! आजच्या फिल्टरला लाजवील असं काम. फरक इतकाच, की तेव्हा ही चैन एका राणीपुरती होती.

इथे कुणीतरी म्हणेल, आमच्या वेळचे पंक बघा, काळ्या पोशाखातले गॉथ बघा, संगीत-कपड्यांतून केलेली ती खरी बंडखोरी. जरा थांबा. लंडनच्या पंकांचं एक माहेरघर म्हणजे ४३०, किंग्ज रोड, आणि ते होतं कपड्यांचं दुकान. व्हिव्हियन वेस्टवुड आणि माल्कम मॅक्लॅरन यांनी चालवलेलं. बंडाची वेशभूषा कशी बाजाराच्या मालात बदलते, हे डिक हेब्डिज या अभ्यासकाने १९७९मध्येच मांडलं होतं. तेव्हा बाजार कालपरवा घुसला आणि आधी सगळं सोवळं होतं, हे काही मला पटत नाही.

बदललं ते वेगळंच. लंडनमध्ये १९८२ साली बॅटकेव्ह नावाचा क्लब सुरू झाला, गॉथ मंडळींचा सुरुवातीचा अड्डा. तिथे जायचं तर रात्री घराबाहेर पडावं लागे, त्या पोशाखात रस्त्यावरच्या नजरा झेलाव्या लागत, आणि आत गेल्यावर कुणीतरी विचारणार, काय ऐकतोस? ही उलटतपासणी बऱ्याचदा हलकट असायची, मुलींची तर जास्तच व्हायची, आणि ती गेली याचं मला मुळीच दुःख नाही. पण ती करणाऱ्यांतच एखादा असा असे, जो म्हणे, हे नको ऐकूस, हे ऐक. पहारेकरी गेले त्यांच्याबरोबर शिकवणारेही गेले. आज कुणी काही विचारत नाही, आणि कुणी काही सांगतही नाही. टोकियोच्या हाराजुकू भागातल्या पोरापोरींचे रस्त्यावर फोटो काढणारे शोइची आओकी यांनी १९९७मध्ये ‘फ्रूट्स’ हे मासिक काढलं. मुलं जुने कपडे कापून, शिवून, एकावर एक चढवून यायची. २०१७मध्ये त्यांनी छपाई थांबवली. कारण दिलं ते असं, की फोटो काढावेत अशी मुलंच आता दिसत नाहीत.

या सगळ्यात मला सर्वांत हुशार वाटतं ते संचाचं गणित. दिदरो या फ्रेंच लेखकाने १७६९मध्ये एक मजेदार निबंध लिहिला. त्याला नवा, झुळझुळीत झगा मिळाला. त्या झग्यापुढे जुनी खुर्ची कळकट दिसू लागली, मग टेबल, मग भिंतीवरची चित्रं. एकेक करत खोली बदलली आणि बिचारा जुन्या झग्यासाठी हळहळत बसला. दिदरोला निदान खुर्ची कळकट वाटायला थोडा वेळ तरी लागला. एस्थेटिक पहिल्याच दिवशी संच हातात देतो: कोट, बूट, दिवा, मग, उशीचा अभ्रा, नखांचा रंग. आणि शिळा होतो तोही संचच. एक बूट जुना होत नाही, अख्खं कपाट एका आठवड्यात जुनं होतं. एस्थेटिकची नावंच बघा: २०२२मध्ये ‘कोस्टल ग्रँडमदर’, २०२३च्या उन्हाळ्यात ‘टोमॅटो गर्ल’, जानेवारी २०२४मध्ये ‘मॉब वाइफ’. ‘टोमॅटो गर्ल’ म्हणून कुणी जगत होतं आणि मग त्या जगण्याला नाव पडलं, असं घडलेलं नाही. आधी नाव पडलं, मग यादी आली, जगणं राहून गेलं.

विरोध करून बघावा, तर तोही पचवला जातो. व्हेपरवेव्ह हा २०१०च्या आसपासचा संगीतप्रकार मॉलमधलं गुळगुळीत पार्श्वसंगीत मंद करून, तुकडे करून ऐकवायचा. चंगळवादाची टर उडवायचा. २०१५मध्ये एमटीव्हीनेच आपलं नवं रूप त्या धर्तीवर बेतलं. टवाळीचा वॉलपेपर झाला. २०२३मध्ये ‘हे घेऊ नका’ सांगणारे व्हिडिओ आले, आणि त्यांतले बरेच ‘त्याऐवजी हे घ्या’वर येऊन थांबले. २०२४मध्ये ‘अंडरकन्झम्प्शन कोर’ निघाला, म्हणजे जुनंच वापरा. त्याचेही नीटनेटके, मंद उजेडातले व्हिडिओ. माझं मत विचाराल तर या लाटेत दम होता. फाटका मोजा रफू करायला कुणी शिकलं असेल तर व्हिडिओ कितीही गोड असो, हात शिकला.

शेवटी एक धंदा सांगतो. डेपॉप या जुन्या कपड्यांच्या ॲपवर ‘स्टाइल बंडल’ नावाचा प्रकार चालायचा. तुम्ही मापं आणि पिंटरेस्टवरचा मूडबोर्ड, म्हणजे आवडत्या चित्रांचा फलक, पाठवायचा, विकणारी तुमच्या एस्थेटिकचे जुने कपडे शोधून गठ्ठा धाडायची. जुन्या कपड्यांच्या हौसेत मजा कशात असते? ढिगात हात घालण्यात, दहा वेळा निराश होऊन अकराव्यांदा घबाड मिळण्यात. ती तेवढी दुसऱ्याकडे सोपवलेली. घेणाऱ्याच्या वाट्याला उरलं पार्सल फोडतानाचं शूटिंग. आणि विकणारी? ती लेबल उलटून बघते, शिवण चाचपते, झिपवरून कपडा कोणत्या काळातला ते ताडते, बोटांनीच लोकर आणि ॲक्रिलिक वेगळं करते. अख्ख्या व्यवहारात छंद असलेली तीच एकटी, आणि मूडबोर्ड तेवढा तिच्याकडे नाही.